मागची झील

“आधी ते बंद कर. मग बोलतो,” हरिबा दुकानाच्या दारातूनच म्हणाला.

बिभीषणने बंद केलं नाही. उलट गिटारचा आवाज वाढवणाऱ्या खोक्याचं बटण थोडं पुढं फिरवलं आणि जाड तार छेडली. जळक्या मोटारींच्या ढिगामागून असा काही गुरगुराट उठला की पलीकडच्या टपरीवर चहा पिणाऱ्यांनी माना वळवल्या. सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला हे रिवायंडिंगचं दुकान. जळलेल्या मोटारींच्या पोटातली काळी पडलेली तार उपसून तिथं नवी तांब्याची तार भरायची, हे काम बिभीषण तरणा होता तेव्हापासून इथं करत होता. आज मात्र कामाला हात न लावता तो सकाळपासून मांडीवर ती लाल गिटार घेऊन बसला होता.

“गिऱ्हाईक पळायलंय बिभीषण, साकु आता,” गल्ल्यावरून मालक गुरुसिद्धप्पा म्हणाले. कन्नडातलं साकु म्हणजे पुरे, हे सोलापुरात शेंबड्या पोरालाही कळतं. पण बिभीषणला त्या दिवशी कुठलीच भाषा कळून घ्यायची नव्हती.

“आलायस कशाला ते तरी सांग की,” तो भावाला म्हणाला.

“बिरोबाच्या जत्रंला हे धूड आणायचं न्हाय. लाकडाची हाय ती आण. न्हायतर तुझी झील दुसऱ्या कुणाला धराय सांग.”

“ही पण लाकडाचीच हाय.”

“मला शिकवू नको. लाकडाची असती तर भिंतीत वायर खुपसावी लागली नसती.”

एवढं बोलून हरिबा वळला आणि निघून गेला. चालताना त्याची मान ताठ होती. भांडण जिंकलेला माणूस चालतो तसा तो चालत होता, आणि बिभीषणच्या डोक्यात तिडीक गेली ती त्या चालीमुळेच.

दोघे सख्खे भाऊ. हरिबा साठीला टेकलेला, बिभीषण त्याच्यापेक्षा चांगला दहा-बारा वर्षांनी धाकटा. बाप सिद्धाप्पा सांगोल्याकडून मेंढरं विकून सोलापुरात आला होता. येताना घोंगडी आणि धनगरी ओव्या एवढंच त्याच्याबरोबर आलं. ओवीत एकानं पुढं बसून ओळ टाकायची असते आणि दुसऱ्यानं मागं बसून त्या ओळीचा शेवट उचलून परत द्यायचा असतो. त्याला झील धरणं म्हणतात. झील नेमकी पडली तर पुढच्याला श्वास घ्यायला जागा मिळते. उशिरा पडली तर पुढचा माणूस गावासमोर उघडा पडतो.

पोरांचा आवाज तयार झाल्यावर सिद्धाप्पानं निवाडा केला होता. थोरल्याचा आवाज भक्कम, त्यानं मागं बसायचं. धाकट्याचा आवाज हलका, पण त्याला नवे शब्द सुचतात, त्यानं पुढं. “घराचा पाया कुणी बघत न्हाय, पर त्याच्याबिगर घर हाय का?” असं म्हातारा म्हणाला. बोलायला ठीक आहे. पण जन्मभर पाया होऊन राहायचं म्हणजे काय, ते ज्याला करायला लावलं त्यालाच ठाऊक. हारतुरे धाकट्याला, शाल धाकट्याला, कार्यक्रमाच्या फलकावर नाव धाकट्याचं आणि खाली बारीक अक्षरात ‘व सहकारी’. हरिबानं तोंडातून कधी ब्र काढला नाही. दिवसभर यंत्रमागावर उभा राहायचा, आणि बिभीषणनं सांगितलं की घोंगडी घेऊन त्याच्या मागं जाऊन बसायचा.

बिभीषणचं गाणं नुसतं बापाचं राहिलं नाही, हेही खरं. कान उघडे ठेवून सोलापुरात राहणाऱ्या माणसाचं तसं राहणं अवघडच. गुरुसिद्धप्पा तार गुंडाळता गुंडाळता लिंगायत संतांची कन्नड वचनं म्हणायचे, त्यातून तो थांबायला शिकला. एक शब्द टाकून गप्प बसायचं आणि ऐकणाऱ्याला वाट बघायला लावायची. घरामागच्या तेलुगू विणकरांच्या गल्लीत माग रात्रंदिवस खडखडायचे, त्यांचा ठेका त्याच्या पायात बसला. उरुसातल्या कव्वालांनी त्याला एकच शब्द दहा तऱ्हांनी विचारायला शिकवलं. मग एक ऑर्केस्ट्रा बंद पडला आणि त्यातल्या गिटारवाल्यानं आपली गिटार याच्या गळ्यात मारली. ओवीच्या मागं ती हळू वाजायला लागली, तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती. पण ती लाकडाची होती, आवाज गरीब होता, म्हणून तिला चालवून घेतलं.

त्याची स्वतःची गाणीही याच मिश्रणातून आली. एकदा जेऊरच्या पुढं, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी तो मोटार काढायला गेला होता. शेतकरी पाण्याकडं बोट दाखवून म्हणाला, “मोटार जितं बसवलीया ना, तितं खाली आमचं जुनं घर हाय.” बिभीषणनं परतीच्या वाटेवर मोटारसायकलवरच ओवी जुळवली.

*गाव बुडालं पाण्याखाली, पाणी आभाळा भिडलं गा*
*वर राहिली तहान माझी, तिला कुणी न बुडवलं गा*

‘कुणी न बुडवलं गा’ या शब्दांवर हरिबाची झील पडायची, आणि ती पडली की बायाबापड्या डोळ्यांना पदर लावायच्या. ओवी धाकट्याची होती, पण रडवायचा तो थोरलाच.

त्या जत्रेच्या आदल्या वर्षी जेऊरलाच एका कार्यक्रमात ती झील उशिरा पडली. एकदा नाही, तीनदा. पुढच्या रांगेतली पोरं हसली. घरी येताना हरिबा फणकारला, “तूच ओळ लांबवायलास अलीकडं. लई शाना झालास.” बिभीषणनं ऐकून घेतलं, पण त्या दिवसापासून तो भावावर लक्ष ठेवायला लागला. हरिबा आता त्याच्या पाठीशी बसत नव्हता, जरा बाजूला सरकून बसत होता, आणि त्याची नजर धाकट्याच्या ओठांवर असायची. मागावर तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या माणसांचं असं होतं. खडखडाट कान खाऊन टाकतो. बारीक आवाज ऐकू येत नाहीत आणि मोठे सोसत नाहीत. हरिबाला हे कळत नव्हतं असं नाही, पण कबूल करायचं म्हणजे झील सोडायची, आणि झील सोडली तर त्याच्याजवळ उरतं काय?

तेव्हा बिभीषणनं पुण्याहून एक मोडकी इलेक्ट्रिक गिटार आणली. तारांचा कंप पकडणारं तिच्या पोटातलं वेटोळं जळून गेलं होतं. त्यानं केसाहून बारीक तार मिळवली आणि मोटारीचं भरावं तसं ते वेटोळं दुकानात बसून पुन्हा भरलं. खोकं हरिबाच्या गुडघ्याशी ठेवून त्यानं जाड तार छेडली. ठोका जमिनीतून घोंगडीत आणि घोंगडीतून हरिबाच्या मांडीत शिरला, आणि झील खिळ्यासारखी जागेवर बसली. हरिबानं कान दाबून शिव्या घातल्या. पण झील जागेवर बसली, हे बिभीषणनं मनात नोंदवलं आणि तो खूश झाला.

इथवर सगळं चांगुलपणाचं होतं. पण खरं सांगायचं तर महिन्याभरात बिभीषणचं त्या गिटारवर मन जडलं. आवाज ओढावा तितका लांबायचा, फाटायचा, रडायचा. कव्वालाचा आलाप आणि मागाचा खडखडाट एकाच तारेतून निघायचा. तो जेवण सोडून वाजवत बसायला लागला, आणि भावासाठी किती वाजवतो आणि स्वतःसाठी किती, हा हिशेब त्यानं कधी मांडला नाही.

हरिबा दुकानातून गेला त्या दिवशी घरी बिभीषणची बायको गोजाबाई म्हणाली, “थोरल्या भावजींना नीट सांगा की. त्यांच्यासाठी हाय म्हणा.”

“तो ऐकंल व्हय? त्याला ऐकू येत न्हाय असं म्हणायचं का मी त्याच्या तोंडावर?”

“मग लाकडाची न्या.”

“लाकडाची नेली तर झील चुकंल. चार लोक हसतील त्याला.”

“त्याला हसतील का तुमाला?” गोजाबाईनं विचारलं आणि भाकरी थापायला वळली. या बाईला असं जाता जाता टोचायची फार सवय. बिभीषण ताट ढकलून उठला.

जत्रा शहराबाहेरच्या माळावर भरते. सांगोला-मंगळवेढ्याकडची माणसं ट्रॅक्टर, टेम्पो करून येतात. दुपारपर्यंत पालखी फिरून आली होती, माळ भंडाऱ्यानं पिवळा झाला होता, आणि ढोलांची पथकं सावलीला टेकली होती. जत्रा कमिटीचे अध्यक्ष बापूसाहेब मंडपाच्या तोंडाशीच उभे होते. बिभीषणच्या खांद्यावरचं खोकं बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“विजेवरचं वाद्य देवापुढं चालायचं न्हाय, बिभीषण. सांगितलं होतं तुला.”

“तुमचं भाषण कशावर चाललं मग सकाळी? कंदिलावर?”

“तोंड आवर. सांगायचं काम केलं मी. पुढं पब्लिक हाय आणि तू हायस.”

बिभीषणनं जनरेटरच्या फळीत वायर खोचली. हरिबा येणार नाही असं त्यानं धरलं होतं. पण हरिबा आला. पागोटं बांधून, कपाळाला भंडारा लावून, धाकट्याकडं न बघता त्यानं घोंगडी अंथरली आणि बाजूला बसला. या जत्रेत बापापासून त्यांच्याच घराचं सुंबरान असायचं. सुंबरान म्हणजे देवाला आठवून ओवी मांडायची. एकदा मांडलं की पुरं केल्याशिवाय उठायचं नाही, मग आभाळ कोसळो. धाकट्यावर राग होता म्हणून हरिबा देवाचं मोडणार नव्हता.

बिभीषणनं मांडलं. खोकं हरिबाच्या गुडघ्याशी होतं. पहिल्या ओळीला झील पडली, दुसऱ्या ओळीला पडली, अगदी जिथं पडायची तिथं. बिभीषणला वाटलं, जिंकलो. आणि तिथंच त्याचा तोल गेला. दोन ओळींच्या मध्ये त्यानं तार ओढली, लांबवली, फाडली. हे काही झिलेसाठी नव्हतं.

“ए ऑर्केस्ट्रा,” मागून कोणी ओरडलं. “लग्नात वाजीव जा.” हसण्याची लाट आली. एक चप्पल येऊन खोक्यासमोर पडली. ढोलाच्या पथकातले दोघे-तिघे उठले आणि गिटार बुडावी म्हणून मुद्दाम ढोल बडवायला लागले. बिभीषणनं बटण शेवटपर्यंत फिरवलं. तो आवाज आणि ढोल आणि शिट्ट्या, काहीच कोणाला कळेना. हरिबानं दोन्ही हातांनी कान गच्च दाबले होते आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला होता. बापूसाहेबांनी हात वर केला, तसा कोणीतरी जनरेटर बंद केला.

खोकं मेलं. माईकही मेला. तारांचा नुसता किरकिरा टिंगटिंग आवाज राहिला. लोकांनी टाळ्या पिटल्या. बिभीषणच्या अंगाचा तिळपापड झाला, तो उभा राहिला.

“हौस म्हणून आणलं न्हाय मी हे,” तो ओरडला. ढोल थांबले. “थोरल्याला ऐकू येत न्हाय. मागानं कान खाल्लं त्याचं. ह्या ठोक्याबिगर त्याला झील धरता येत न्हाय, म्हणून आणलं. आता हसा.”

कोणी हसलं नाही. माईक नसताना त्याचं बोलणं मंडपाच्या टोकापर्यंत पोचलं होतं. पोचलं नव्हतं ते एकट्या हरिबाला. त्यानं कानांवरचे हात काढले, आणि सगळी जत्रा आपल्याकडं का बघतेय ते त्याला उमजेना. त्यानं शेजारी बसलेल्या येडू नावाच्या म्हाताऱ्याला विचारलं, “काय म्हणाला?”

येडू घुटमळला. मग त्यानं हरिबाच्या कानाला तोंड लावलं आणि बहिऱ्याशी बोलतात तसं मोठ्यानं ओरडून सांगितलं, “तुमाला ऐकू येत न्हाय म्हणाला.”

तेही सगळ्यांनी ऐकलं.

हरिबा काही वेळ घोंगडीच्या दशा चाचपत बसला. बिभीषणला त्या क्षणी स्वतःची जीभ हासडून टाकावीशी वाटली, पण बाहेर पडलेलं आत घेता येत नव्हतं.

“दादा, तुझ्यासाठीच—”

“तोंड दिसायलंय मला तुझं. कळायलंय काय म्हणायलास ते.” हरिबाचा आवाज चढलेला नव्हता. “माझ्यासाठी आणलं म्हणू नको. मगाशी तार ओढलीस ती माझ्यासाठी व्हय? तुझ्या हौसंला माझं कान पुढं करू नको.”

बिभीषणची नजर खाली, खोक्याकडं गेली.

“जन्मभर मागं बसलो,” हरिबा म्हणाला. “बापानं बसवलं म्हणून बसलो, तुझ्यासाठी बसलो. एकदा पुढं आणलंस मला चारचौघांत, ते बहिरा म्हणून.”

बापूसाहेब मध्ये पडायला आले. “जाऊ द्या हरिबा, घरात बसून मिटवा. उठा आता.”

“मांडलंय ते पुरं केल्याबिगर उठायचं कसं?” हरिबानं त्यांना विचारलं आणि धाकट्याकडं वळला. “म्हण.”

बिभीषण खाली बसला. मांडीवरच्या मुक्या गिटारचं काय करावं ते कळेना म्हणून त्यानं ती बाजूला ठेवली आणि नुसत्या गळ्यानं पुढची ओळ घेतली. हरिबानं डोळे मिटून घेतले. ओठ बघायचे नाहीत असं त्यानं ठरवलंच होतं. झील आली, उशिरा आली. मंडपातल्या लोकांनी माना खाली घातल्या. हसले असते तर बरं झालं असतं असं बिभीषणला वाटलं. पुढच्या ओळीला तो थांबला, झील येईपर्यंत श्वास रोखून राहिला, मग पुढं गेला. त्याच्या पुढच्या ओळीलाही थांबला. हरिबानं डोळे उघडले.

“थांबू नको माझ्यासाठी.”

“दादा—”

“थांबू नको म्हणतो ना.”

मग बिभीषण थांबला नाही. ओळ संपली की पुढची घेतली, आणि हरिबाची झील त्या पुढच्या ओळीच्या अंगावर येऊन पडत राहिली. एकाचे शब्द दुसऱ्याच्या शब्दांत घुसत होते, कोणाचंच धड कळत नव्हतं. आवाज मात्र हरिबाचा अजून तसाच होता, भरदार, खणखणीत, मंडपाचे खांब धरून ठेवील असा. देवाचं नाव घेऊन ओवी पुरी झाली. हरिबा उठला, घोंगडी झटकली, घडी करून खांद्यावर टाकली. लोकांनी बाजूला सरून त्याला वाट दिली. आजाऱ्याला देतात तशी दिली, आणि ते त्याला दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिभीषण त्याच्या घरी गेला. हरिबा ओट्यावर दात घासत बसला होता.

“चुकलं माझं,” बिभीषण म्हणाला.

हरिबानं चूळ भरली. “काय?”

“चुकलं म्हणतो माझं.”

“मोठ्यानं बोल. बहिरा हाय मी.”

“चुकलं माझं, दादा.” बिभीषण ओरडला. शेजारपाजारची दोन दारं उघडली.

“न्हाय बाबा, ऐकू येत न्हाय,” हरिबा म्हणाला, आत गेला आणि त्यानं आतून कडी लावली.

नंतर बिभीषण आणखी दोनदा गेला. दोन्ही वेळा त्याला ओट्यावरूनच हेच उत्तर मिळालं. गोजाबाई म्हणाली, “खरं बोलला तुमी, पर कुटं बोलायचं ते कळलं न्हाय.” गुरुसिद्धप्पा त्या आठवड्यात तार गुंडाळताना वचनं म्हणाले नाहीत.

यालाही आता वर्ष झालं. बिरोबाच्या जत्रेत यंदा सांगोल्याची मंडळी सुंबरान मांडून गेली. हरिबा त्या बाजूला फिरकलाही नाही. बिभीषणला समाजाचं बोलावणं येत नाही, पण कॉलेजांची, हॉटेलांची, शहरातल्या संमेलनांची येतात. लाल गिटार घेऊन तो उभ्यानं गातो. बरोबर ड्रमवाला असतो, बेसवाला असतो, शर्ट काळा असतो, आणि फलकावर एकट्याचं नाव मोठ्या अक्षरात असतं.

उजनीची ओवी म्हणताना ‘वर राहिली तहान माझी, तिला कुणी न बुडवलं गा’ इथं पोचला की तो गिटारवरचा हात काढतो आणि गप्प उभा राहतो. सुरुवातीला ड्रमवाला म्हणाला होता, “सर, हितं लई मोकळं वाटतंय. आमी दोघं कोरस देतो की.”

“तितं कुणी यायचं न्हाय,” बिभीषणनं त्याला सांगितलं.

ऐकणाऱ्यांना वाटतं, हे गाणंच असं बांधलंय. त्या मोकळ्या जागेत सगळं सभागृह टाळ्या वाजवतं. बिभीषण मान जरा मागं वळवून उभा असतो. टाळ्या थांबल्या की तो पुढची ओळ घेतो.